पांढऱ्या कोटातला ऑस्टिन

"वा! असंच ओरड!" दिग्दर्शक खूश होऊन म्हणाला.

"अहो, हे खरं आहे! कळा सुरू झाल्यात माझ्या!" खाटेवरची मेबल किंचाळली. ती खरोखरच गरोदर होती. पोटाला उशी बांधायला नको, म्हणून तर हॉलिवूडच्या त्या स्टुडिओने तिला हे काम दिलं होतं.

कॅमेरा थांबला. कुणीतरी फोनकडे धावलं. बाकी सगळे ऑस्टिनकडे पाहू लागले. या चित्रपटमालिकेत तो पाचव्यांदा डॉक्टर झाला होता; प्रत्यक्षात त्याला साधं इंजेक्शनही देता येत नव्हतं.

मेबलने त्याचा हात घट्ट धरला. "डॉक्टर, सोडून जाऊ नका!"

"मी इथेच आहे." पडद्यावरचा तो शांत आवाज कसाबसा निघाला. "माझ्याकडे बघ. श्वास घे. अजून एकदा."

खरे डॉक्टर धापा टाकत पोचले, तेव्हा बाळाचं डोकं दिसत होतं. थोड्याच वेळात सेटवर टाहो घुमला. सुतार, दिवेवाले, नर्सच्या वेषातल्या मुली, सगळ्यांनी एकच जल्लोष केला.

"छान धीर दिलात, डॉक्टर," खरे डॉक्टर हात पुसत ऑस्टिनच्या पांढऱ्या कोटाकडे बघून म्हणाले. "कुठल्या हॉस्पिटलात असता?"

ऑस्टिनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "इथल्याच," तो म्हणाला आणि खोट्या भिंतीला टेकून मटकन खाली बसला.