दुसऱ्या कार्डाचा आवाज

"बटण बंद करा आधी. तसाच हात नका घालू आत," शुभाताई म्हणाल्या.

मार्तंडरावांचा हात केव्हाच आत गेला होता. सत्तरी उलटली तरी बायकोचं ऐकायची घाई त्यांना कधी झाली नव्हती. टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरचं झाकण काढलेलं होतं आणि आत दोन साउंड कार्डं शेजारी शेजारी उभी होती. एक संगीताचं, दुसरं बोलण्याचं. दोघांना वेगवेगळा नंबर द्यावा लागतो. कार्डावरच्या बारक्या पिनांवर टिकलीएवढी टोपी कुठे बसवली, त्यावर तो ठरतो. दोघांचा नंबर एकच झाला की एका म्यानात दोन तलवारी. मशीन जागच्या जागी गोठतं.

मुलुंडच्या त्या तिसऱ्या मजल्यावर हा उद्योग दिवाळीपासून चालू होता.

खेळ मार्तंडरावांनीच लिहिलेला, देवव्रत सात वर्षांचा असताना. लाल गाडी गल्ल्यांमधून हाकत घरी आणायची. वाटभर ढोलकी वाजायची आणि गाडी दाराशी लागली की देवव्रतच्याच आवाजात एक वाक्य यायचं. ढोलकी एका कार्डातून, वाक्य दुसऱ्यातून. तेव्हा जे हाताशी होतं त्यावर त्यांनी तसं जुळवलं होतं.

गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि छत्तीस वर्षांचा देवव्रत गेला. मार्तंडराव भिंतीकडे तोंड करून पडले ते उठेनात. जेवण नाही, अंघोळ नाही. आता हेही जाणार, असं शुभाताईंनी मनाशी धरलंच होतं. मग एके सकाळी ते आपणहून उठले आणि माळ्यावरचा हा खोका काढायला लावला. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

"त्याचा आवाज एकदा ऐकला की मी मोकळा," असं ते म्हणत. शुभाताईंना त्या वाक्याची धास्ती होती.

अलीकडे मार्तंडरावांचा स्वतःचा आवाज फार चढला होता. दुःखाने माणूस चिडका होतो, असं बिल्डिंगमधले लोक आपसांत म्हणत.

"आज जयवंत येतोय, तो लावेल छडा," मार्तंडराव म्हणाले. "माझा विद्यार्थी आहे. हल्लीच्या पोरांसारखा तोंडातल्या तोंडात नाही बोलत."

जयवंतचा फोन आल्यापासून शुभाताईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सकाळी दूध उतू गेलं, मग आमटी करपली.

"तो येईपर्यंत एकदा बघू. तू स्पीकरपाशी बस."

स्पीकरची कळ शेवटपर्यंत पिळलेली होती. ढोलकी सुरू झाली तशी टेबलावरची पेल्यातली चमची थरथरली. मार्तंडरावांनी एक तळवा टेबलावर सपाट ठेवला आणि दुसऱ्या हाताने गाडी हाकली. गाडी दाराशी लागली. त्यांनी शुभाताईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"आला?"

"नाही," शुभाताई म्हणाल्या.

"मलाही नाही. कार्डातच खोट आहे."

बेल वाजली. मार्तंडराव पिनांवरची टोपी काढून पुन्हा बसवत राहिले. शुभाताई लगबगीने दाराशी गेल्या. जयवंत सांताक्रूझहून आला होता. बूट काढायला त्याला बराच वेळ लागला. आत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. उन्हातून आला होता बिचारा.

"ये रे. ही बघ आपली मंडळी," मार्तंडराव म्हणाले.

जयवंतने टॉर्च मारून पाहिलं. एका कार्डाला पाच, दुसऱ्याला सात. वायरी जागेवर होत्या. टॉर्च विझवल्यावरही तो तसाच वाकून उभा राहिला.

"सर, तुम्ही लावलंय ते सगळं बरोबर आहे," तो मोठ्याने म्हणाला.

"मग अडतंय कुठे?"

जयवंत शुभाताईंकडे वळला. "काकू, आवाज तेवढा मोबाईलवर काढून देऊ का?"

"नको," त्या हळूच म्हणाल्या. त्यांचे हात पदरात आवळलेले होते. "पाया पडते तुझ्या."

"चालव रे," मार्तंडरावांनी टेबलावर टकटक केली. "माझ्यासमोर चालव."

नाही म्हणायला जागा नव्हती. ढोलकी वाजू लागली. गाडी देवळावरून वळली, शाळा मागे पडली, घर आलं. जयवंत एकदम खिडकीकडे वळला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. शुभाताई पेल्यातली चमची पुसत बसल्या.

"आला?" मार्तंडरावांनी त्याचा दंड धरून त्याला आपल्याकडे वळवलं.

"नाही, सर. कार्ड गेलंय. दुसरं शोधावं लागेल."

"मिळेल?"

"मिळेल. वेळ लागेल पण."

मार्तंडराव थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. शुभाताईंचा जीव टांगणीला लागला. मग मार्तंडरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"लागू दे रे. मला कुठे गाडी पकडायचीय? शुभा, वाढतेस का? भूक लागलीय."

शुभाताईंचे डोळे भरून आले. त्या पटकन उठल्या.

दार उघडंच राहिलं होतं. खालच्या मजल्यावर नवीनच राहायला आलेली गंधाली वाटी घेऊन उभी होती. शुभाताईंनी तिला लोणचं दिलं होतं आणि वाटी रिकामी परत करू नये म्हणून तिने नारळाच्या वड्या आणल्या होत्या. मार्तंडरावांनी पुढे होऊन हसतमुखाने वाटी घेतली.

"काका, नातू आलाय वाटतं राहायला?" वाटीवरचं झाकण उघडत गंधाली म्हणाली. "रोज दुपारी आमच्या खिडकीत आवाज येतो त्याचा. आत्ताही आला. 'बाबा, मी पोचलो!' किती गोड ओरडतो हो."

"आवडतात, आवडतात," मार्तंडराव हसून म्हणाले आणि त्यांनी एक वडी तोंडात टाकली.