समोरच्या गोलात

रेफ्रींनी समोरच्या पोरी पुन्हा मोजल्या. सहाच भरल्या. "सात जणी नसतील तर मॅच नाही," असं म्हणून त्यांनी शिट्टी फुंकली, आणि पेठकडच्या आश्रमशाळेची टीम बॉलला पायही न लावता पहिली आली.

सलग तिसऱ्या वर्षी. साल दोन हजार तीन. चौदा वर्षांखालच्या त्या फुटबॉल स्पर्धेत मुलींच्या टीमच मुळी दोन, आणि शहरातल्या गंगापूर रोडच्या पोरींचं दरवेळी काहीतरी निघायचं. एकदा चाचणी परीक्षा, एकदा कुणाच्या ताईचं लग्न, आणि यंदा म्हणे आयांनी उन्हात सोडलं नाही. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा, अशी ही चॅम्पियन टीम! पण पोरी खूश. जिंकलो ते जिंकलो, म्हणून नाचत सुटल्या.

गोलात उभी असलेली कुंदन तेवढी हलली नाही. तीन वर्षं ती टीमची गोली होती, आणि मॅचमध्ये तिच्याकडे एकदाही बॉल आला नव्हता. पुढच्या साली ती वयात बसणार नव्हती, म्हणजे संपलंच. तिला फार वाईट वाटलं. नाचणाऱ्या पोरींत जाऊन उभं राहावंसंही वाटेना.

ती तरातरा देवराम सरांकडे गेली. "सर, मी त्यांच्यात जाऊ? सात होतील."

"डोकं फिरलंय का तुझं? आपण जिंकलोय!"

"जिंकलोय ना? मग आता खेळू द्या की."

सरांनी रेफ्रींकडे बघितलं. रेफ्री हसून म्हणाले, "निकाल तर लागलाय. खेळू द्या हो, मैत्रीची मॅच."

शहरातल्या पोरींनी तिचं नावही विचारलं नाही. "ए गोली, तू तिकडे थांब," एवढंच.

सुरुवातीला गंमत होती. आश्रमशाळेच्याच रोशनीनं हसत हसत बॉल मारला, कुंदननं तो पोटाशी धरला. दुसरा मारला, तोही धरला. तिसऱ्याला तिनं अशी झेप घेतली की कोपर सोलपटून निघालं. आईशप्पथ, एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता! रोशनीचं हसू मात्र गेलं. "आपल्याच पोरींना अडवती का गं? लय शानी झाली!"

मग पेटल्याच सगळ्या. हिला गोल मारायचाच म्हणून दहाच्या दहा पुढे आल्या, कुंदनच्या जागी उभी केलेली सुवर्णासुद्धा. रोज शेजारी बसून जेवणाऱ्या पोरी, पण आज एकीच्याही डोळ्यांत ओळख नाही. इतकं एकटं तिला आश्रमशाळेच्या पहिल्या रात्रीही वाटलं नव्हतं. हुंदका आला, पण तेवढ्यात बॉलही आला. तिनं तो धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून लांब भिरकावला.

बॉल गेला शहरातल्या स्नेहलकडे. तिच्यापुढे कुणीच नव्हतं. छोटंसं मैदान, मोकळा गोल. घाई कशाला? बॉल ढकलत ढकलत ती निघाली.

"अडवा गं!" कुंदन ओरडली. कुणाला ओरडली, तिचं तिला ठाऊक. आपल्या शाळेचा गोल असा उघडा पडलेला तिला बघवेना. ती पळत सुटली. पोरींना मागं टाकलं, स्नेहलला मागं टाकलं, आणि बॉल रेषेवर पोचता पोचता त्याच्यावर अंग झोकून दिलं.

मग जो गिल्ला झाला! शहरातल्या पोरी ओरडल्या, "अगं, आमचा गोल होता तो!" रोशनी ओरडली, "आता कशाला आली इकडं? जा त्यांच्यात!" सरांनी कपाळावर हात मारून घेतला. रेफ्रींनी शिट्टी तोंडात धरली खरी, पण फाऊल द्यायचा कुणाला, हे त्यांनाही उमजेना.

"पोरी," ते वाकून म्हणाले, "तू नक्की कुणाकडून आहेस?"

कुंदननं तोंडातली माती थुंकली. बॉल तिनं छातीशी घट्ट धरला होता.

"मी गोली हाय, सर."