मागं किल्ला दिसला पाहिजे

"तोंडावरचा स्कार्फ काढ की आता," विश्वजित बायकोला म्हणाला, आणि लगेच स्वतःच दचकला. "नको, राहू दे. ती बघ, आणखी एक एमएच झिरो नाईन."

मालवणच्या किनाऱ्यावर गाड्यांची रांग लागली होती आणि निम्म्या गाड्या कोल्हापूरच्या. देवानं आमच्या जिल्ह्याला समुद्र दिला नाही, त्यामुळं सुट्टी पडली की अख्खा जिल्हा घाट उतरून मालवणात. इथं लपायला येणं म्हणजे गावच्या जत्रेत लपायला जाणं. पण हे शहाणपण विश्वजितला घाट उतरल्यावर सुचलं.

"मग फोटो काय स्कार्फातच काढायचा?" स्नेहल म्हणाली. समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला उन्हात उभा होता. "एकच फोटो मागितलाय मी. मागं किल्ला, पुढं आपण दोघं. लग्न ठरताना कबूल केलं होतं तुम्ही."

केलं होतं खरं. राधानगरीजवळच्या त्या गावात सून होऊन आल्यापासून तीन वर्षांत स्नेहलनं माणसांपेक्षा म्हशीच जास्त बघितल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ धारा, शेण, वैरण. सासरे गणपतराव, म्हणजे आण्णा, यांचा कायदा एकच. "म्हशीला सुट्टी नसती, मग माणसाला कशाला?" मागं विश्वजितचा चुलतभाऊ विजयसिंह गोठा सोडून गोव्याला जाऊन आला, तर आण्णा अजून त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. दिवाळीला तो पाया पडायला आला तेव्हा म्हातारा तोंड फिरवून बसला आणि भिंतीला सांगितल्यासारखं बोलला, "गोठा सोडून फिराय जाईल त्यानं माझा उंबरा चढायचा न्हाई."

म्हणून या दोघांनी थाप मारली होती. स्नेहलची पेठ वडगावची मावशी पडली, पाय मोडला, बघून येतो. बिचारी मावशी ठणठणीत होती.

नवल म्हणजे आण्णा पटकन हो म्हणाले. "जावा की. दोन दिवस ऱ्हावा. घाई करू नगासा. म्हशी बघाय मी हाय." आईनं तर मावशीसाठी डिंकाचे लाडू बांधून दिले. तेव्हापासून विश्वजितला घोर लागला होता. आण्णा, आणि दोन दिवस? म्हाताऱ्यानं नक्की काहीतरी ओळखलंय. फोंडा घाटात स्नेहलनं लाडू खाल्ला, यानं आपला तसाच डब्यात परत ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. आईचा. विश्वजित शहाळ्याच्या गाड्यामागं पळाला आणि एका कानात बोट घालून बोलू लागला.

"पोचलासा काय रं?"

"पोचलो की. मावशी झोपल्यात."

"आँ? ऐकू येत न्हाई. मळ्यात हाय मी, वारं लई हाय." मग आवाज जरा उतरला. "आज परत तर येत न्हाईसा न्हवं?"

"न्हाई. का गं?"

"काय न्हाई, उगंच. निघालासा तर आधी फोन कर हां. न सांगता येऊ नगासा."

फोन कट झाला. विश्वजित परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"आईला कळलंय. कवा येणार, कवा येणार, तेच विचारती. आण्णा शेजारीच बसलं असणार. चल, निघू या."

"निघू या?" स्नेहलचे डोळे रागानं भरून आले. "तीन वर्षं शेणात हात घातले, एका शब्दानं बोलले न्हाई. फोटो काढल्याशिवाय मी इथनं हलणार न्हाई. आण्णांनी उंबरा चढू दिला न्हाई तर भाड्यानं राहू. पण फोटो पाहिजे म्हणजे पाहिजे."

विश्वजितला तिची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. जवळून चाललेल्या एका टोपीवाल्याच्या हातात त्यानं मोबाईल दिला.

"पावणं, एक फोटो काढतासा काय?"

"काढतो की. कोल्हापूर का?"

"छे छे. नाशिक."

"नाशिक?" टोपीवाला हसला. "नाशकात कवापास्नं 'काढतासा' म्हणाय लागलं?"

स्नेहलनं स्कार्फ सोडला. "मागं किल्ला दिसला पाहिजे," ती ओरडून म्हणाली.

"दिसतोय. गर्दी बी येतीया मागं."

"येऊ द्या!"

ती इतकी मनापासून हसली की दिवसभरात पहिल्यांदा विश्वजितही सरळ उभा राहिला. त्यानं तिच्या खांद्यावर हात टाकला.

फोटो झकास आला होता. स्नेहल बघतच राहिली. विश्वजितला मात्र कुठला धीर. चोराच्या मनात चांदणं.

"दे इकडं. मागं कोण ओळखीचं आलंय काय बघू."

बोटांनी फोटो मोठा करत तो एकेक तोंड तपासू लागला. चेंडू खेळणारी पोरं. कुल्फीवाला. कुणाची तरी सहल. आणि पाण्याच्या कडेला एक म्हातारं जोडपं. म्हातारी लुगडं घोट्यावर धरून लाटेत उभी होती, किल्ल्याकडं पाठ करून, लाजत हसत. तिच्यासमोर पाठमोरा म्हातारा, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, मोबाईल आडवा धरून तिचा फोटो काढत होता.

विश्वजितनं आणखी मोठं केलं. म्हातारीचं तोंड स्वच्छ दिसलं. तो मटकन वाळूत बसला.

स्नेहलनं वाकून बघितलं. तिचा हात तोंडावर गेला.

"ओ," मग ती हळूच म्हणाली, "आज म्हशींच्या धारा कोण काढतंय?"