दर्याचा नारळ

जयवंतला मुलगा झाला, त्या वर्षीची गोष्ट. गोव्याच्या क्रूझवरची खोली ठरवायला तो आणि त्याची बायको केतकी लॅपटॉप उघडून बसले होते. त्याच्या आईचा, यमुनाबाईंचा, जीव मात्र थाऱ्यावर नव्हता.

“बाळ रांगतंय, बाल्कनी नकोच. आतली बिनखिडकीची घेऊ,” जयवंत म्हणाला.

“अरे, बाळाचा पहिला दर्या! नारळ कुठून देऊ? भिंतीतून?”

“आई, बोटीवरून काही टाकू देत नाहीत.”

यमुनाबाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. जयवंत पोटात असताना त्याचा बाप घाईत नारळ न देताच मासेमारीला गेला होता. होडीसुद्धा परतली नव्हती.

केतकीला ते ठाऊक होतं. “बाल्कनीचीच घेऊ. दाराची कडी मी सांभाळते. आई, तुम्ही नारळ दर्याला नुसता दाखवा. फोडू घरी येऊन.”

बोटीवर यमुनाबाईंनी नारळ दाखवला, कडेवरच्या नातवाचे हात जोडले आणि दर्याला दटावलं, “ह्याला माघारी आणून सोड!”

घरी नारळ फुटला, खोबरं आळीभर वाटलं गेलं. त्या रात्री यमुनाबाईंना गाढ झोप लागली.

नातू चालायला लागण्याआधी, शिमग्याच्या पौर्णिमेला, यमुनाबाई तशाच गाढ झोपेत वारल्या.