बाभळीकडचा कोपरा

"तिकडं नको. बाभळीकडं नाय न्यायची म्हणलं ना."

सूर्यभाननं होडी फिरवली. सकाळपासून तिसऱ्यांदा. मिहिरनं लॅपटॉपवरून मान वर केली. अख्खा तलाव पालथा घालून झाला होता, फक्त तो कोपरा सोडून. तिथं बुडालेल्या बाभळींचे काळे शेंडे तेवढे पाण्याच्या वर होते.

"काका, उधर भूत है क्या?" सत्यम हसला.

"जाळं अडकलंय तिथं. तुमचा मासा गुतंल."

मासा म्हणजे होडीमागं वायरीला बांधून ओढायचं यंत्र. पाण्यात आवाज सोडतं, परत आलेल्या आवाजावरून तळाचं चित्र काढतं. पुंडलिकनगरच्या एका खोलीत मिहिर आणि सत्यमनं दोन वर्षं खपून ते बनवलं होतं. उद्या पुण्याहून माणसं बघायला येणार होती. तळाशी पडलेली एखादी वस्तू त्यांना स्क्रीनवर स्पष्ट दिसायला पाहिजे. नाही दिसली तर खोली सोडायची आणि नोकरी धरायची, असं मिहिरच्या घरी ठरलेलं.

त्यासाठी सकाळीच दगड भरून एक लोखंडी पिंप बुडवलं होतं. पिंप गाळात गेलं ते गेलंच. चित्रात नुसता करडा चिखल. बारा वाजत आले होते.

"काका, यंत्र चालतं का नाही हेच कळंना. तिथं निदान झाडं तरी दिसतील. एकच चक्कर."

सूर्यभान थांबला. वल्हं मांडीवर आडवं धरून बसला. मग त्यानं काठाकडं बघितलं. तिथं त्याची बायको, म्हाळसाबाई, मेंढरं घेऊन बसली होती. लांबून ठिपक्याएवढी.

"काठावरून ह्यातलं काय दिसत नाय ना?"

"स्क्रीनवरचं? नाही, काका."

"मग चला."

बाभळींमध्ये पाणी हलतसुद्धा नव्हतं. आधी झाडांची खोडं आली, बारीक रेघांसारखी. मग सत्यम ओरडलाच.

"आला! भाई, क्या क्लियर आया!"

दोन चाकं. हँडल. एक आरसा.

"स्प्लेंडर वाटते रे."

"स्प्लेंडरच हाय," सूर्यभान म्हणाला. "काळी."

सत्यमचं हसू काही वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं. गाडीच्या बाजूला गाळात आणखी एक सावली होती. लांबट. मिहिरनं ती मोठी करून बघितली नाही.

"कुणाची आहे?"

"अजिनाथची. माझ्या पोराची." सूर्यभानची नजर वल्ह्यावर होती. "तीन साल झाले. रातच्याला घरात वाजलं आमचं. मी म्हणलं, पुन्हा तोंड दाखवू नको. पुण्याला चाललो म्हणला, गाडीला किक मारली. पुढल्या उन्हाळ्यात पाणी उतरलं, तवा जाळं अडकलं इथं. ओढाया गेलो तर हँडल हाताला लागलं. जाळं कापून तसंच सोडलं."

"अहो, पोलिसांना..."

"आन घरी काय सांगू? दर दिवाळीला ती त्याच्या मापाचा शर्ट घेती." त्यानं पहिल्यांदाच मिहिरकडं सरळ बघितलं. "साहेब, कुणी बघितलं नाय तवर पोरगं पुण्यात हाय. एवढं पुसून टाका."

सत्यम हळूच म्हणाला, "भाई, आपल्याकडं हे एकच चित्र आहे."

मिहिरला माहीत होतं. नक्की पुसायचं का, असं लॅपटॉपनं विचारलं. त्याचं बोट थोडं थांबलं. मग त्यानं हो दाबलं.

काठावर आल्यावर सूर्यभान होडी बांधायला मागं थांबला. म्हाळसाबाईनं मिहिरला तांब्या दिला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "बाभळीकडं गेला व्हता."

मिहिरनं पाणी पितापिता मान हलवली.

"मग दिसली असंल गाडी."

तांब्या त्याच्या ओठाशीच राहिला.

"पोरगं गेलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मीच पयली आले इथं. चाकाची रेघ सरळ पाण्यात गेलेली. मी सगळी मेंढरं त्याच्यावरून फिरवली, ह्यांनी उठायच्या आत." तिनं मागं वळून बघितलं. सूर्यभान दोर गुंडाळत होता. "त्यांना सांगू नका, बाबा. तोंड दाखवू नको म्हणलेलं त्यांच्या लई जिव्हारी बसलंय. पोरगं पुण्यात हाय ह्यावरच दोन घास खात्यात. कळलं तर हेच पाणी जवळ करतील."

मिहिरनं तांब्या खाली ठेवला. दोर खांद्यावर टाकून सूर्यभान चढण चढून आला. तो जवळ आला तशी म्हाळसाबाईनं कमरेचा मोबाईल काढून कानाला लावला. बटण तिनं दाबलंच नव्हतं.

"आज बी बंदच लागतोय वो," ती मोठ्यानं म्हणाली. "कंपनीत सुट्टी नसंल पोराला."

"नसंल," सूर्यभान म्हणाला. "पुण्यात लई काम असतंय."