बागेतली हाक

"अगं, ये ना. बघ तरी."

बागेतून पुन्हा हाक आली आणि शिलाई मशीनवरचा तिचा पाय थांबला. आवाज नवऱ्याचाच होता, शेवटाला किंचित घोगरा होणारा. नवऱ्याला जाऊन मात्र दोन महिने झाले होते.

तिने खिडकीची धुकटलेली काच बाहीने पुसली. बाहेर वाळके दांडे, पानांचा ढीग, कुंपणावर एक साळुंकी. बाकी कुणी नाही. तिच्या अंगावर काटा आला, तरी खिडकी सोडवेना.

थंडी पडली की लोक बागेकडे पाठ फिरवतात. हा माणूस नेमका तेव्हाच बागेत रमायचा. वाळलेले दांडे कापू द्यायचा नाही, त्यांच्या पोकळीत किडे झोपलेत म्हणे. पानांच्या ढिगाला हात लावायची सोय नव्हती, कारण तिथे बेडूकबुवांचा मुक्काम. पाखरांच्या भांड्यात बर्फाची पापडी धरली की स्वतःच्या अंगठ्याने फोडायचा. "बायकोला चहा विचारणार नाहीत, पण पाखरांची बडदास्त बघा," असं ती कपडे शिवायला टाकणाऱ्या बायकांना सांगायची. त्या हसायच्या, तीही हसायची.

थोड्या वेळाने, सकाळीच लेक आली. ती सगळं ठरवूनच आली होती. घराला कुलूप लावायचं, आईला आपल्याकडे न्यायचं आणि जायच्या आधी बागेतला पालापाचोळा जाळून टाकायचा.

"मी नाही येत," आई म्हणाली. "हे रोज बोलावतात मला. मी गेले तर कुणाला हाक मारतील?"

आईला समजवायला लेक जवळ सरकली, तोच बाहेरून आवाज आला.

"अगं, ये ना. बघ तरी."

लेक दाराकडे धावली. परत आली तेव्हा हसत होती आणि डोळे पुसत होती.

"आई, साळुंकी आहे गं ती. बाबांनी पिल्लू असताना वाढवून सोडली होती ना, तीच. बाबांचं रोज ऐकून ऐकून शिकलीय."

आई हसली नाही. तिला फार वाईट वाटलं. दोन महिने ती भीत होती, पण त्या भीतीत का होईना, नवरा घरात होता. आता तोही गेला. मशीनवरची शिवण तिने बाजूला सारली. मग उठून तिने शाल घेतली.

"कुठे निघालीस?"

"रोज बोलवायचे म्हणतेस ना? मग बघून तरी येते काय दाखवायचं होतं ते."

बागेत पाऊल टाकून तिला किती वर्षं झाली होती, तिलाच आठवेना. गवत दवाने भिजलेलं होतं. एका मोडक्या दांड्यात तिने वाकून पाहिलं, तर आत लाल ठिपकेदार किडे एकमेकांना चिकटून गाढ झोपलेले, एका पांघरुणातल्या भावंडांसारखे. पानांच्या ढिगाशी जरा खसफस झाली. सावलीतल्या भांड्यावर अजून पापडी होती. तिने अंगठा टेकवला, पापडी मोडली आणि गारठा कोपरापर्यंत चढला. छान होतं हे सगळं. एवढंच तर दाखवायचं होतं त्याला.

साळुंकी कुंपणावरून उडाली आणि त्याच्या फावड्याच्या दांड्यावर येऊन बसली, अगदी हाताच्या अंतरावर.

"अगं, ये ना. बघ तरी."

आले, असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

पण साळुंकीची गोष्ट अजून संपली नव्हती. तिने मान तिरकी केली आणि घशातून मशीनची बारीक खडखड काढली. मग खिडकीआडून यावा तशा दबक्या सुरात, हुबेहूब आईच्याच आवाजात, तिने उत्तर दिलं, "आले हो, एवढी शिवण होऊ द्या."