पहिलाच टेम्पो

टेम्पोचा फाळका खाली पडला, पण गोणीला हात लावायला एकही हमाल पुढे आला नाही.

बजरंग तेवढा वर चढला. समोरच्या गोणीची शिवण त्याने अंगठ्याने चाचपली. सुतळी संपली असावी, जुन्या लुगड्याचा हिरवा काठ वळून तोंड शिवलं होतं. तो उगाच जरा जास्तच वेळ चाचपत राहिला आणि खाली उडी मारून म्हणाला, "काट्यावर घ्या."

कांदा मार्केटातल्या हमालांचा आज पहिला दिवस होता. म्हणजे कामाचा नव्हे, नाही म्हणण्याचा. पन्नास किलोच्या वरची गोणी उचलायची नाही, असं ठरलं होतं. हमाली गोणीमागे असते, म्हणून लोक एका गोणीत दीड गोणी कोंबतात आणि मणका मोडतो हमालाचा. शमशेरचा असाच मोडला. दिवाळीपासून बिचारा खाटेवर आहे. त्याच्या उशाशी बसून बजरंगनेच सगळ्यांकडून शब्द घेतला होता.

ड्रायव्हर रमीज आणि अडत्याचे दिवाणजी यांनी मिळून एक गोणी काट्यावर ओढली. काटा साठच्या पुढे गेला.

"आता?" अडत्या कारभारी शेठ हसला. "लिलाव आटपत आलाय. पुढचा चार दिवसांनी. तवर दाबलेला कांदा तापून नासंल. शेतकऱ्याच्या पोटावर पाय देता व्हय रे?"

बजरंगच्या खिशातला मोबाईल थरथरला. बायकोचं नाव बघून त्याने तो तसाच परत ठेवला. सकाळपासून हेच चाललं होतं.

"घरून का?" शेठने टोमणा मारला. "उद्या चूल कशी पेटायची, ते इचारत आसतील."

बजरंग वळला. तो फाटकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. त्याच्या चहावर केव्हाच साय धरली होती.

"माल कोनाचा हाय?" हमालांतल्या वाल्मिकने रमीजला विचारलं.

"पारनेरकडच्या एका बाईचा. एकटीच भरत हुती, मामा. लई घाम गाळला तिनं."

वाल्मिक विरघळला. "बजरंग, एवढा एक घेऊ. बाईमानूस हाय. उद्यापून नियम."

"उद्या दुसरी बाई यील." बजरंगने टेम्पोकडे पाठ फिरवली. "आज उचलली, तर शमशेरच्या दारात पाय ठेवू नगा."

"तुला काळीज हाय का न्हाई?"

"न्हाई."

रमीजकडे रिकाम्या गोण्या नव्हत्या, तेव्हा शेवटी टेम्पो परत फिरवायचं ठरलं. फाळका बजरंगनेच लावला. कडी दोनदा निसटली, तेव्हा रमीजने मदत केली. टेम्पो धूळ उडवत फाटकाबाहेर गेला.

मागच्या टेम्पोतला म्हातारा शेतकरी हे सगळं बघत होता. तो वर चढला आणि आपल्या गोण्यांची तोंडं उसवून जास्तीचा कांदा काढू लागला. शेठचं तोंड पडलं. वाल्मिकने बजरंगच्या पाठीत थाप मारली. "जितलो रं!"

मोबाईल पुन्हा थरथरला. या वेळी बजरंगने उचलला.

"अवो, उतरला का आपला टेम्पो?" बायको विचारत होती. "चांगल्या दाबून दाबून भरल्यात गोन्या. म्हनलं, तुमी हायसा तिथं, आपल्याला कोन अडवतंय!"